वरणाला दोन काड्या

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका झाडाचं ऐकत होते.

परंड्याच्या ज्युनियर कॉलेजात मला नोकरी लागली होती आणि मी खोली शोधत फिरत होतो. कुणीतरी एका गल्लीतलं शेवटून दुसरं घर सांगितलं. वेळ दुपारी दोनची, रस्त्यावर माणूस नाही. त्या घराच्या फाटकाशी, बाहेरच्या अंगाला, पत्र्याच्या वर गेलेलं कढीपत्त्याचं झाड होतं आणि झाडाला चिकटून साठी ओलांडलेला एक माणूस खाकी अर्ध्या चड्डीत उभा होता. हातात हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक खोडाला टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. मी दोनदा खाकरलो. त्यांनी डोळे न उघडता मोकळा हात वर केला.

"जरा थांबा. तुटायलंय."

"काय तुटतंय?"

"पानी."

मी निघायच्या बेतात होतो, पण एकट्या माणसाला खोली द्यायला गावात दुसरं कुणी तयार नव्हतं. म्हणून थांबलो. थोड्या वेळानं त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर चड्डीच्या पट्ट्यात खोचला आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय करता?"

"जीवशास्त्र शिकवतो. अकरावी-बारावीला."

"म्हंजे झाडाचं?"

"झाडाचंही."

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला स्वतःबद्दल उगाच बरं वाटलं. "मग ऱ्हावा," ते म्हणाले. मला झाडांतलं कळतं या गैरसमजापोटी मला खोली मिळाली, आणि तो गैरसमज मी पुढं दोन वर्षं जिवापाड जपला.

खरं सांगायचं तर मी जीवशास्त्र शिकवत नसे, जीवशास्त्राचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत असे. 'वनस्पतींमधील पाण्याचे वहन' हा धडा मी दोन दिवसांत उरकत असे. पहिल्या दिवशी फळ्यावर आकृती, दुसऱ्या दिवशी मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची. मूलरोम, परासरण, मूलदाब, जलवाहिन्या, बाष्पोच्छ्वास हे सगळे शब्द मी एका दमात म्हणायचो आणि शेवटी "हे बोर्डाला हमखास येतं" असं म्हणून टाकायचो. त्या वाक्यानंतर मुलं काही विचारत नसत. माझी त्यावरच भिस्त होती.

घरमालक एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणू लागलो. मिस्त्रीणबाई मुलाकडं पुण्याला असत आणि वर्षातून दोनदा येऊन, घराची काय दशा केलीय ते डोळ्यांनी बघून, परत जात. मिस्त्रींचं गल्लीत कुणाशीच धड जमत नव्हतं. मोटारसायकलचा आवाज ऐकून ते चालत्या माणसाला थांबवत आणि "व्हॉल्व्ह बोंबलायलाय, ऐकू येत न्हाय का?" असं खडसावत. लोकांना ते आवडत नसे. व्हॉल्व्ह खरंच बिघडलेला निघाला की आणखीच आवडत नसे.

त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी होत्या, गाड्या आणि झाडं. "दोन्हीत पाइपच असतेत," ते म्हणत. मी ते हसण्यावारी न्यायचो. अर्थात मनातल्या मनात, कारण खोली त्यांची होती.

डेपोतून येताना त्यांनी एक व्हर्नियर कॅलिपर बरोबर आणला होता. कढीपत्त्याच्या खोडावर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक पट्टा मारलेला होता. त्या पट्ट्यावर कॅलिपर लावून ते रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला खोडाची जाडी मोजत. एकदा मला हाक मारून म्हणाले, "बगा, सकाळी भरलेलं असतंय, दुपारी चपतंय."

"मोजण्यातली चूक असेल," मी म्हणालो. पदवीधर माणसाला एवढं म्हणता यायलाच हवं.

त्यांनी कॅलिपर माझ्या हातात दिला आणि आठवडाभर मोजायला लावलं. सातही दिवस दुपारचं माप केसभर कमी आलं. मी म्हणालो, योगायोग.

"सर, नळीनं थंडा पिताना लई जोर लावला तर नळी चपती का न्हाय?"

"चपते."

"मग? दुपारी वरची पानं जोर लावतेत. खोड चपतंय." एवढं बोलून ते कॅलिपर पुसत आत गेले, आणि मी घाईघाईनं खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. पुस्तकात नळीही नव्हती आणि थंडाही नव्हता.

शिक्षकदिनाला मुलींनी मला गुलाब दिले. मी ते स्टीलच्या पेल्यात ठेवले आणि पेला खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मिस्त्रींनी बाहेरून पाहिलं, आत आले, न विचारता निम्मी फुलं उचलली, बादलीतल्या पाण्यात देठ बुडवले आणि पाण्याखालीच कात्रीनं बोटभर कापले.

"हवेत कापलं की देठात हवा शिरती. डिझेलच्या लायनीत हवा शिरली की गाडी जागेवर बंद, मग टाकी भरलेली असू द्या की. पान्यात कापलं की हवेऐवजी पानी शिरतंय."

उरलेली निम्मी मी मुद्दाम तशीच ठेवली. विज्ञानात तुलना लागते. माझी फुलं दुसऱ्या दिवशी माना टाकून बसली, त्यांची चार दिवस टिकली. मी त्यांना सांगितलं, की ती जात वेगळी असावी.

पण मिस्त्रींचा खरा दरबार भरायचा तो सकाळी सहा ते सात. त्या तासाभरात ते फाटकाशी लोखंडी खुर्ची टाकून, हातात कात्री घेऊन बसत आणि गल्लीतल्या बाया कढीपत्ता न्यायला येत. झाडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. काडी ओरबाडली की साल निघते आणि तिथनं हवा जाते. मिस्त्री स्वतः कापून देत, पण त्याआधी एक प्रश्न ठरलेला असे.

"काय करनार हाय आज?"

"वरण."

"मग दोन काड्या बास."

पोह्यांना तीन. चिवड्याला सात, पण चिवडा खरंच करणार आहे याची खात्री पटली तर. "उगं असू द्या घरात" म्हणणाऱ्या बाईला ते एक पान देत नसत. यावरून रोज वाद होई आणि त्या वादात शेजारच्या आक्का सगळ्यांत पुढं असत. आक्का अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या होत्या आणि आवाज अजून अंगणवाडीचाच होता. दोघांच्या घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती, पण मी कधी त्यांना एकमेकांच्या अंगणात पाय ठेवताना पाहिलं नाही.

"दोन काड्यांत वरणाला वास तरी येतो का वो मिस्त्री?"

"फोडणी नीट द्यावी. वास येतो."

"फोडणी शिकवू नका मला. आनि दोन द्या."

"आनि दोन पायजेत तर सांच्याला या, ताज्या देतो."

आक्का पदर झटकून निघून जात आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा हजर होत. मला आधी ही मिस्त्रींची कंजूषी वाटली. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं, की सात वाजता फाटक बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत त्या घरात माझ्याखेरीज कुणी पाऊल टाकत नसे. चार काड्या एकदम दिल्या असत्या तर माणसं एक दिवसाआड आली असती.

एकदा मी चष्मा खोलीवर विसरलो आणि मिस्त्री तो घेऊन कॉलेजात आले. नेमका तोच धडा चालला होता. "मुळे पाणी शोषून घेतात व वर ढकलतात," असं मी म्हणत होतो आणि हातानं ढकलण्याची कृतीही करून दाखवत होतो. मिस्त्री दारात उभे. धडा संपेपर्यंत थांबले, चष्मा दिला आणि साठ मुलांसमोर म्हणाले, "सर, एक इचारू का?"

नाही म्हणायची सोय नव्हती.

"खालनं ढकलतंय म्हनलाव. किल्ल्यातल्या त्या उंच झाडाच्या शेंड्यापतूर पानी ढकलायला खाली मोटर केवढी लागंल? आन मुळाला तर मोटर न्हाय. मग वढतंय कोन?"

मुलं पहिल्यांदा माझ्याकडं बघायला लागली. एरवी ती घड्याळाकडं बघत असत. मी म्हणालो, "मूलदाब."

"त्यानं हातभर चढंल. पुढं?"

मी चष्मा पुसू लागलो. मिस्त्रींनी खडू मागून घेतला. "पानी म्हंजे दोरी हाय, पोरांनो," ते म्हणाले आणि फळ्यावर माझ्या आकृतीवरूनच एक लांब रेघ ओढली. "हे पान. ऊन लागलं की ह्याच्यातलं पानी हवेत उडतंय. उडालं की मागच्या पान्याला वढतंय, ते त्याच्या मागच्याला, असं पार मुळापतूर. दोरी तुटली नाय पायजे, मधी हवा नाय शिरली पायजे. आन जाड मुळं निस्ती झाडाला धरून ऱ्हायला. पितेत ती बारकी, केसावानी. तीच तोंडं, आन तीच फिल्टर. हवा भाईर ठेवायची, कचरा भाईर ठेवायचा आन पानी तेवढं आत घ्यायचं."

मग मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, हे परीक्षेला हाय का?"

"नाही," मी म्हणालो. ते होतं. आदल्याच पानावर होतं, मीच ते दरवर्षी ओलांडून जात होतो. त्या संध्याकाळी मी तो धडा नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा वाचला, म्हणजे समजून वाचला. झाडातली पाण्याची दोरी तुटते तेव्हा बारीक आवाज होतो, माणसाच्या कानाला तो सहसा ऐकू येत नाही आणि तो टिपायची यंत्रं असतात, हेही मला दुसऱ्या एका पुस्तकात सापडलं. मिस्त्रींना तो स्क्रू-ड्रायव्हरमधून खरंच ऐकू येत होता की नाही, देव जाणे. पण मी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांचं बरोबर आहे असं सांगणं मला जड गेलं.

मग गल्लीत नालीचं काम निघालं. कढीपत्ता फाटकाच्या बाहेर, नेमका नालीच्या रेषेत. जेसीबीवाला भला माणूस होता. म्हणाला, "आमी तिकडच्या टोकाकडनं येतो, मिस्त्री. हितं यायला आठ दिस लागतेल. तवर बगा काय करता ते."

मिस्त्रींनी झाड परसात हलवायचं ठरवलं. दिवस वैशाखाचे. झाड हलवायला याहून वाईट महिना नाही, पण महिना आपण निवडलेला नव्हता. पाच दिवस ते रोज थोडं थोडं खणत होते. खोडाभोवती गोल चर घेतला, मातीचा गड्डा पोत्यानं बांधला. बाजूला गेलेली मुळं तोडावी लागली. प्रत्येक मूळ तोडताना ते तोंडानं "च्" असा आवाज करायचे. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल आणलं, कात्रीला धार लावली आणि जाहीर केलं, "आता सगळी पानं काढायची. येक ठिवायचं न्हाय."

फाटकाशी बायांचा घोळका होता. आक्कांनी कपाळाला हात लावला. "अवो, जितंजागतं झाड बोडकं करता का काय? मुळं तोडलाव, आता पानं बी तोडताव, ऱ्हायलं काय मग?"

"पानं ठिवली तर मरंल."

"पानं काढली तर मरंल!"

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सर आहेत, झाडाचं शिकवतात. मी हातात चहाचा कप घेऊन ओट्यावर उभा होतो. गप्प राहायची मला दोन वर्षांची चांगली सवय होती, पण त्या दिवशी मी धडा वाचलेला होता. नुकतंच पोहायला शिकलेल्या माणसाला विहीर दिसली की जसं होतं, तसं माझं झालं.

"मिस्त्री," मी म्हणालो, "पाणी वरून ओढलं जातं, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय."

"कोण ओढतं?"

"पान."

"मग पानंच काढली तर मुळातलं पाणी वर ओढणार कोण?"

आक्कांनी माझ्याकडं अशा काही कौतुकानं पाहिलं, की मी चहाचा एक घोट उगाच सावकाश घेतला. मिस्त्री स्टुलावर उभे होते, कात्री उघडी. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला, अगदी मी खोली बघायला आलो होतो त्या दुपारसारखा.

"सर," ते म्हणाले, "तुमाला कळलं की वो!"

आणि त्यांनी कात्री खिशात घातली. एका बोल्टावरून डेपो मॅनेजरशी महिनाभर भांडलेला माणूस, माझं एक वाक्य ऐकून स्टुलावरून खाली उतरला. मला इतका आनंद झाला, की मी गड्डा उचलायला स्वतः पुढं झालो. झाड सगळ्या पानांसकट परसात गेलं. बायांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं वळायला लागली. मी बादल्यांवर बादल्या ओतल्या. परसात चिखल झाला. मिस्त्रींनी माझा हात धरला.

"बास सर. पानी हाय. प्यायला तोंड न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिणारी बारकी मुळं तर चरातच तुटून राहिली होती. खालून पाणी मिळत नव्हतं आणि वरून हजारो पानं, मी माझ्या हुशारीनं वाचवलेली पानं, ओढत होती. पानं काढली असती तर झाड काही दिवस निवांत बसलं असतं, नवी मुळं फुटली असती. पुस्तकात ओढण्याचं होतं, कधी ओढू नये ते नव्हतं. किंवा असेलही. मी एवढंच पान वाचलं होतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खोडाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि मूठ माझ्यापुढं धरली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. "ऐका."

मी कान लावला. मला माझ्या कानातली धडधड तेवढी ऐकू आली. "ऐकू येतंय," मी म्हणालो.

मग त्यांनी कात्री काढली आणि एकेक पान कापलं. उशीर झाला होता. चार दिवसांनी खोडाची साल नखानं खरवडली तर आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. "हवा धरली," मिस्त्री म्हणाले. "गाडीला हवा काढायला नट असतोय. झाडाला तसला नट कुनी ठिवलाच न्हाय."

ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सकाळी सहाला ते सवयीनं फाटकाशी खुर्ची टाकून बसत, कात्री हातात. समोर नालीचं नवं सिमेंट. दुधाची पिशवी घेऊन जाणारी एखादी बाई दिसली की विचारत, "काय करनार हाय आज?" ती बाई ओशाळून काहीतरी पुटपुटत पुढं निघून जाई. आक्का बाजारातून कढीपत्त्याची जुडी आणू लागल्या आणि जुडी पिशवीत खाली, भाजीखाली लपवून नेत. मी परसाच्या दारानं कॉलेजला जाऊ लागलो. तिथं ते वाळलेलं खोड होतं, त्यामुळं त्यातही काही फायदा नव्हता.

एका सकाळी मला राहवेना. मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिलो. "मिस्त्री, चूक माझी होती."

"मला म्हाईत हाय."

"तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"थोडं थोडं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कात्री उघडली, मिटली. "दोन वर्सांत पयल्यांदा पुस्तक न बगता बोललाव. म्हनलं, मानूस चालू व्हायलाय. मधीच आडवलं तर हवा धरंल." मग म्हणाले, "आन मला बी वाटलं, असंल खरं. तुमी शिकलेली मानसं."

मी आयुष्यात बऱ्याच लोकांकडून रागावून घेतलं आहे. पण या न रागावण्याइतकं मला दुसरं काहीच लागलं नाही.

श्रावणात एका सकाळी आक्कांची हाक भिंतीवरून आली. "मिस्त्री! इकडं या बरं. तुमचं काय तरी निघालंय आमच्या मोरीमागं."

मिस्त्री उठले. भिंतीशी घुटमळले आणि मग भिंत ओलांडून, मी पाहिलेलं पहिल्यांदाच, आक्कांच्या अंगणात उतरले. मीही मागून गेलो. मोरीचं सांडपाणी जिथं मुरत होतं, तिथं ओल्या मातीत बोटभर उंचीचे दोन कोवळे कोंब उभे होते. मिस्त्री गुडघ्यावर बसले, एक पान बोटांत चुरगाळून वास घेतला. मग स्क्रू-ड्रायव्हरनं अलगद माती उकरली. खाली अंगठ्याएवढं जाड मूळ आडवं पडलेलं होतं, भिंतीखालून, जुन्या झाडाच्या दिशेनं आलेलं.

"आपलंच हाय," ते म्हणाले. "मीच तोडलं व्हतं हे. झाडापासनं तुटलं, पर ह्याची बारकी मुळं हितंच ऱ्हायली व्हती. पीत बसलं असंल हितलं पानी."

आक्कांनी कंबरेवर हात ठेवले. "म्हंजे इतकी वर्सं हे झाड आमच्या मोरीचं पानी पीत व्हतं?"

"व्हय की. पानी असंल तिकडं मूळ जातंय."

"माझं पानी पिऊन मोठं झालं, आन मला वरणाला दोन काड्या देत व्हतात?"

मिस्त्रींनी उकरलेली माती घाईघाईनं मुळावर परत लोटली. आठवडाभरात पलीकडच्या घराच्या न्हाणीमागंही एक कोंब निघाला. मिस्त्रींनी खडूनं आपल्या ओट्यावर नकाशा काढला, इथनं मूळ असं गेलं, तिथनं तसं. दोन दिवस ते खुशीत होते. तिसऱ्या दिवशी नकाशासमोर बसून म्हणाले, "सर, आता ज्याच्या त्याच्या घरात झाड झालं. माज्या दारात कोन कशाला यील?"

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो.

"आक्काकडचा येक कोंब उकरून हितं फाटकाच्या आत लावू का?" त्यांनी विचारलं आणि माझ्याकडं तिरकं बघून हसले. "पानं ठिवू, का काढू?"

मी पुस्तक पाहिलं नाही, चहाचा घोटही घेतला नाही. "राहू द्या तिथंच, मिस्त्री," मी म्हणालो. "आता पुन्हा तोडू नका. तिथलं पाणी त्यानं स्वतः शोधलंय."

त्यांना तो कोंब आपल्या दारात हवा होता, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "बरुबर हाय," ते शेवटी म्हणाले. माझ्या सल्ल्यानं परंड्यात एक झाड मेलं आणि एक वाचलं, एवढाच माझ्या जीवशास्त्राचा हिशेब.

कोंबांची झाडं व्हायला वर्ष लागलं. माझी धाराशिवला बदली झाली, त्याच्या आदल्या महिन्यातली ही गोष्ट. सकाळी सहाला फाटक वाजलं म्हणून मी खिडकीतून पाहिलं. मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातला होता. कात्री खिशात होती. ते आमच्या फाटकातून बाहेर पडले, चार पावलं चालले आणि आक्कांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. भिंत ओलांडणं सोपं होतं, पण ते रस्त्यानं गेले.

आक्का झाडाशी उभ्या होत्या. झाड त्यांच्या खांद्याला लागलं होतं. त्यांनी मान वर करून पाहिलं, पण फाटक उघडलं नाही.

"काय करनार हाय आज?"

मिस्त्रींनी सदरा नीट केला. "वरण."

"मग दोन काड्या बास."

आक्कांनी फाटकावरून हात लांब करून मिस्त्रींकडची कात्री मागून घेतली, दोन काड्या मोजून कापल्या, साल न दुखवता, आणि मग फाटक उघडून म्हणाल्या, "या आत. चा ठिवलाय."

मिस्त्री परत आले तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी दोन काड्या माझ्यापुढं धरल्या, त्यांचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"दोन काड्यांत काय वास यायचाय वो वरणाला, सर?"

मी राहिलो तो सगळा महिना ते रोज जात होते. दोन काड्या आणायला त्यांना रोज एक तास लागायचा.